दोघांचा खेळ, तिसऱ्याचा पैसा

‘लागली पैज?’ हा प्रश्न आपल्या घरांतील लहान मुलें दिवसांतून दहा वेळां एकमेकांस विचारीत असतात. पणास लागते ती बहुधा पेरूची एखादी फोड किंवा चिंचेचें बोटूक, आणि हरलेला मुलगा तेवढेंहि देतोच असें नाहीं. परंतु या पैजेंत एक गोष्ट फार सरळ असते. पैज मारणारा आणि पैजेचें कृत्य करून दाखविणारा हे दोघे एकच. जो ‘मी या गडग्यावरून उडी मारतों’ म्हणतो, त्यालाच उडी मारावी लागते, आणि गुडघाहि त्याचाच फुटतो. वडील माणसांच्या जगांत ही सोपी व्यवस्था फार काळ टिकत नाहीं. तेथें उडी एकजण मारतो, पैसा दुसरा लावतो, आणि गुडघ्याची चौकशी तिसराहि करीत नाहीं. ही फारकत कशी होत जाते हें पहावयाचें असल्यास गोल्फ या खेळांतील जोडीच्या सामन्यांचा आणि त्यांवरील पैजांचा इतिहास पहावा.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे घरोघर पोंचलेला नाहीं, म्हणून त्याची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. लांबरुंद गवताळ रानांत अंतराअंतरावर खळ्या खणलेल्या असतात. हल्लीं त्यांची संख्या १८ ठरलेली आहे. काठीचे टोले मारीत चेंडू एका खळींत घालावयाचा, मग पुढच्या, असें करीत फेरी पुरी करावयाची. हारजीत ठरविण्याच्या रीती दोन आहेत. एकींत सगळ्या टोल्यांची बेरीज करितात आणि ज्याचे टोले सर्वांत कमी तो विजयी. दुसरी रीत अधिक जुनी. तींत दोघे समोरासमोर उभे रहातात आणि प्रत्येक खळी हा एक निराळा डाव धरितात. एखाद्या खळीला कोणास दहा टोले लागले तरी त्याची एकच खळी गेली, जास्त कांहीं बिघडलें नाहीं. एकाची आघाडी उरलेल्या खळ्यांपेक्षां जास्त झाली कीं सामना तेथेंच संपतो. म्हणून ‘११ व १०’ अशी विजयाची नोंद दिसली तर समजावें कीं, १० खळ्या खेळावयाच्या राहिल्या असतां विजयी खेळाडू ११ खळ्यांनीं पुढें होता.

या खेळाचें माहेरघर स्कॉटलंड. एडिंबराजवळ लीथ येथें खेळणाऱ्या सद्गृहस्थांनीं १७४४ सालीं खेळाचे तेरा नियम लिहून काढले. याच मंडळींनीं आपसांतील पैजा टिपून ठेवण्यासाठीं एक वहीहि घातली होती. पैसेवाल्यांनीं पैसेवाल्यांशीं खेळावें आणि हरणाऱ्यानें जेवणाच्या वेळीं सर्वांस मद्य पाजावें, अशा थाटाचा तो प्रकार. तत्त्वतः तो पेरूच्या फोडीहून फारसा वेगळा नव्हता.

एकोणिसाव्या शतकांत मात्र या मैदानांवर एक नवा वर्ग उदयास आला. चेंडू शिवणारे, काठ्या घडविणारे, साहेबांच्या मागें त्यांच्या काठ्या वाहून नेणारे, असे हे गरीब घरचे लोक आपल्या धन्यांहून कितीतरी चांगले खेळत. धन्यांच्या तें लवकरच लक्षांत आलें. मग आपला माणूस तुमच्या माणसाला हरवील कीं नाहीं, यावर पैजा लागूं लागल्या. आपल्याकडील संस्थानिक पदरीं मल्ल बाळगीत तशांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, मल्लाला दरबारचा खुराक तरी मिळे, या खेळाडूंना सामना नसेल त्या दिवशीं पुन्हां चेंडू शिवावयास बसावें लागे. पैसा धनिकांनीं एका तिऱ्हाइताच्या हवालीं करावयाचा, खेळाडूनें खेळावयाचें, आणि जिंकल्यास त्यांतून धन्याच्या मर्जीप्रमाणें त्याला वांटा मिळावयाचा, अशी ही रीत होती. पैसा आधींच तिऱ्हाइताकडे ठेवण्याची रीत व्यवहाराला धरूनच होती. कारण १८४५ च्या कायद्यानें इंग्लंडांत पैजेचा पैसा कोर्टांतून वसूल करण्याची सोय राहिली नव्हती.

या काळांतला सर्वांत गाजलेला सामना १८४९ सालचा. एका बाजूस सेंट अँड्र्यूजचे ॲलन रॉबर्टसन आणि टॉम मॉरिस, दुसऱ्या बाजूस मसलबरोचे डन बंधू. प्रत्येक बाजूचा चेंडू एकच, तो दोघांनीं आळीपाळीनें मारावयाचा. आणि पैज ४०० पौंडांची. तीन गांवच्या मैदानांवर सामना व्हावयाचा होता. पहिलें मैदान डन बंधूंनीं सहज जिंकलें, दुसरें रॉबर्टसन-मॉरिसांनीं, आणि तिसऱ्यावर म्हणजे नॉर्थ बेरिक येथें सगळें येऊन ठेपलें. तेथें शेवटच्या ८ खळ्या उरल्या असतां डन बंधू ४ खळ्यांनीं पुढें होते. बघ्यांमध्यें भाव फुटला तो एकास वीस, म्हणजे रॉबर्टसन-मॉरिसांवर एक पौंड लावणारास ते जिंकल्यास वीस मिळावयाचे. आणि ते जिंकले! हळूहळू चारी खळ्या त्यांनीं भरून काढल्या. शेवटून दुसऱ्या खळीपाशीं डन बंधूंचा चेंडू एका मोठ्या दगडाला टेकून पडला. तो मागें काढून घेण्याचें साधें शहाणपण सोडून ते दोघे चिडून लोखंडी काठीनें त्या दगडावरच घाव घालीत राहिले, आणि खळी घालवून बसले. पुढचीहि त्यांच्या हातून गेली. डन बंधू कांहीं नवशिके नव्हते. नुसत्या कमी कौशल्यामुळें माणूस दगडावर काठी आपटीत नाहीं. चारशें पौंडांचा आणि आपल्या गांवच्या सर्व लोकांच्या पैशाचा भार मनगटावर असला म्हणजे हातून असें घडतें.

हा भार किती होता याची कल्पना दुसऱ्या एका आंकड्यावरून येईल. सर्वांसाठीं खुली अशी स्पर्धा १८६० सालीं प्रेस्टविक येथें सुरू झाली. तींत टोल्यांच्या बेरजेवर निकाल लावीत. पहिल्या वर्षीं विजयी खेळाडूस मिळाला तो मानाचा एक पट्टा, पैसा मुळींच नाहीं. १८६४ सालीं टॉम मॉरिस यानें ती स्पर्धा जिंकली तेव्हां त्याच्या हातावर ६ पौंड पडले. सबंध देशांतल्या श्रेष्ठ खेळाडूस सहा पौंड, आणि दोन खेळाडूंना झुंजविणाऱ्या धनिकांच्या पैजेंत शेंकड्यांनीं पौंड! तेव्हां पोटासाठीं खेळणारा मनुष्य कोठें जाईल हें सांगावयास नको.

पैजेचा पैसा मैदानाबाहेरच्यांचा असला म्हणजे बाहेरचे आंत येतात, हेंहि लवकरच दिसून आलें. १८७० सालीं टॉम मॉरिस आणि मसलबरोचा विली पार्क यांच्यामध्यें २०० पौंडांचा सामना चार मैदानांवर झाला, आणि त्याचा शेवट मसलबरो येथें व्हावयाचा होता. तेथील जमाव अर्थातच पार्कच्या बाजूचा. ज्याच्या त्याच्या खिशांतला पैसा पार्कवर. थोड्याच खळ्या राहिल्या असतां लोकांनीं इतकी दाटी केली आणि चेंडूला इतक्या वेळां लाथा बसल्या कीं, पंच रॉबर्ट चेंबर्स यांनीं खेळ थांबविला. पंच आणि मॉरिस जवळच्या एका खाणावळींत जाऊन बसले. पार्कनें त्यांची वाट न पहातां उरलेल्या खळ्या एकट्यानें खेळून टाकल्या आणि आपण जिंकलों म्हणून सांगितलें. एका अर्थीं तोहि निरुपाय होता. मैदानांत उभें राहून पैसा मागणारे लोक त्याला ओळखीत होते, आणि संध्याकाळीं त्याला त्यांच्याच गल्लींतून घरीं जावयाचें होतें.

आतां सांगावयाची गोष्ट निराळी आहे. टॉम मॉरिसचा मुलगा, त्याचेंहि नांव टॉमच, हा बापाहूनहि सवाई निघाला. १८६८, १८६९ आणि १८७० अशीं लागोपाठ तीन वर्षें त्यानें तो मानाचा पट्टा जिंकला आणि नियमाप्रमाणें तो त्याच्या मालकीचाच झाला. १८७१ सालीं स्पर्धा झाली नाहीं, आणि १८७२ सालीं पुन्हां त्यानेंच ती जिंकली. १८७५ च्या सप्टेंबरांत पितापुत्र नॉर्थ बेरिक येथें विली पार्क व त्याचा भाऊ मंगो यांच्याविरुद्ध पैजेचा सामना खेळावयास गेले. मुलाचें लग्न होऊन वर्षहि पुरें झालें नव्हतें, आणि पत्नी मार्गारेट सेंट अँड्र्यूज येथें घरीं गरोदर होती. सामना संपत आला असतां तार आली कीं प्रसूति अवघड झाली आहे, ताबडतोब निघा. सामना पुरा झाला. मॉरिस पितापुत्र जिंकले. आगगाडीचा रस्ता वळणाचा आणि वेळखाऊ, म्हणून कोणा सज्जनानें आपली शिडाची नौका दिली आणि खाडी ओलांडून ते उत्तरेस निघाले. परंतु मुलगा घरीं पोंचला तेव्हां पत्नी गेली होती, आणि मूलहि.

तार हातीं येतांच खेळ टाकून निघाले असते तरी कांहीं उपयोग झाला नसता, हें आज शांतपणें म्हणतां येतें. पण त्या दिवशीं तें कोणास ठाऊक होतें? अर्ध्यावर सामना सोडणें म्हणजे पैज हरणें, आणि पैज ज्यांनीं लावली ते लोक भोंवतालीं उभे. आपल्या घरच्या बायकांनीं बाळंतिणीच्या खोलीबाहेर काढलेल्या रात्री ज्यांना आठवत असतील, त्यांना त्या उरलेल्या खळ्या किती लांबल्या असतील हें निराळें सांगण्याची गरज नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस हा तरुण पुन्हां एका पैजेच्या सामन्यास उभा राहिला. प्रतिपक्षी मोल्सवर्थ नांवाचा हौशी खेळाडू. सामना सहा दिवसांचा, बारा फेऱ्यांचा, आणि दर तीन खळ्यांमागें एक टोला मोल्सवर्थला सूट. थंडी कडाक्याची, पुढें तर बर्फ पडूं लागलें. तरीहि मॉरिस जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १८७५ च्या नाताळच्या दिवशीं सकाळीं तो आपल्या बिछान्यांत मरून पडलेला आढळला. वय अवघें २४. पत्नीच्या दुःखानें त्याचें हृदय फुटलें असें लोक म्हणूं लागले. वैद्यकी दृष्टीनें फुप्फुसाजवळची रक्तवाहिनी फुटून मृत्यु आला असें मानतात. दोहोंपैकीं कोणतेंहि कारण धरलें तरी बर्फांतल्या त्या सहा दिवसांचा हिशेब कोणत्या खात्यांत टाकावा, हा प्रश्न रहातोच.

यानंतरहि जोडीचे सामने अनेक झाले, पण रंग पालटत गेला. १८९९ सालीं हॅरी व्हार्डन आणि विली पार्कचा त्याच नांवाचा मुलगा यांचा शंभर शंभर पौंडांचा सामना झाला, तेव्हां व्हार्डननें मसलबरोच्या मैदानावर पाऊल टाकण्यास साफ नकार दिला. तेथल्या जमावाची कीर्ति तीस वर्षांनंतरहि विसरली गेली नव्हती. नॉर्थ बेरिकवर व्हार्डन दोनच खळ्यांनीं पुढें होता, आणि स्वतःच्या गँटनच्या मैदानावर त्यानें सामना ‘११ व १०’ असा निकालांत काढला.

परंतु पैज लावणाऱ्यांनीं पाठ करून ठेवावा असा सामना १९२८ सालचा होय. अमेरिकेचा वॉल्टर हेगन बोटींतून उतरून थेट लंडनजवळच्या मूर पार्क येथें इंग्लंडच्या आर्ची कॉम्प्स्टनशीं ७२ खळ्यांचा सामना खेळला आणि ‘१८ व १७’ असा हरला. इतका दारुण पराभव एवढ्या मोठ्या खेळाडूचा क्वचितच झाला असेल. त्यानंतर लौकरच सँडविच येथें खुली स्पर्धा झाली. ती जिंकली हेगननें, आणि कॉम्प्स्टन तिसरा आला! मूर पार्कचा निकाल पाहून ज्यांनीं सँडविचला कॉम्प्स्टनवर पैसे लावले असतील त्यांचें काय झालें असेल?

याचें कारण खेळाच्या स्वभावांतच आहे. गोल्फमध्यें उत्तम आणि मध्यम खेळाडू यांच्यांतलें अंतर एका फेरींत सरासरी एखाद्या टोल्याचें असतें. उलट एकाच खेळाडूच्या आजच्या व उद्यांच्या फेरींत चारपांच टोल्यांचा फरक सहज पडतो. समजा, एक खेळाडू दुसऱ्याहून फेरीमागें एका टोल्यानें सरस आहे. तर बरोबरी सोडून दिल्यास एका दिवसाच्या सामन्यांत तो शंभरांपैकीं सुमारें ६० वेळां जिंकेल; आणि चार दिवसांची बेरीज घेतली तरी फार तर ७० वेळां. म्हणजे चांगला खेळाडू कोणता हें अचूक ओळखणारा मनुष्यहि पांचांपैकीं दोनदां हरणारच. २००२ सालीं जगांतील निवडक ६४ खेळाडूंची जोडीच्या सामन्यांची स्पर्धा अमेरिकेंत झाली, तेव्हां पहिल्या मानांकनाचा टायगर वुड्स पहिल्याच दिवशीं ६४ व्या मानांकनाच्या पीटर ओमॅलीकडून हरला. मिकेल्सन आणि डुव्हल हे पुढचे दोघेहि त्याच दिवशीं घरीं गेले, आणि अखेरीस स्पर्धा जिंकली ती ६२ व्या मानांकनाच्या केव्हिन सदरलंडनें.

आजच्या पैजेचें रूप मात्र याहूनहि चमत्कारिक आहे. इंग्लंडांत १९६१ च्या मे महिन्यापासून पैजांचीं दुकानें कायदेशीर झालीं, आणि अमेरिकेंत २०१८ च्या मे महिन्यांत वरिष्ठ न्यायालयाच्या निकालानें राज्याराज्यांस ती मुभा मिळाली. या दुकानदारांनीं जोडीच्या सामन्याची एक नवीच तऱ्हा काढली आहे. स्पर्धा असते दीडशें खेळाडूंची, टोल्यांच्या बेरजेची. दुकानदार त्यांतून आपल्या मर्जीनें दोन नांवें उचलतो आणि त्यांची जोडी जुळवितो: या दोघांपैकीं आज कमी टोले कोणाचे? ते दोघे एकमेकांविरुद्ध खेळत नसतात. पुष्कळदां एक सकाळीं निवांत हवेंत खेळून जातो आणि दुसरा दुपारीं सुटलेल्या वाऱ्यांत. आपली अशी जोडी लागली आहे हें बहुधा त्यांच्या गांवींहि नसतें. लग्न जुळविणारा मध्यस्थसुद्धां उभयपक्षांना एकदां विचारतो!

दुकानदाराचा नफा कोठून येतो हेंहि पहाण्यासारखें आहे. दोघे तुल्यबळ असले तर भाव सामान्यतः ११ लावून १० मिळविण्याचा. एकानें पहिल्यावर ११ डॉलर लावले, दुसऱ्यानें दुसऱ्यावर ११. दुकानांत आले २२, आणि जो कोणी जिंकेल त्याला परत गेले २१. उरलेला एक डॉलर दुकानदाराचा, जिंको कोणीहि. अशा शंभर पैजांपैकीं ५२ जिंकणारा मनुष्य स्वतःस हुशार समजत असेल, पण त्याचा जमाखर्च मांडा: ५२० मिळाले, ५२८ गेले. ५३ जिंकल्यावर कोठें १३ डॉलर शिल्लक दिसतात, तींहि ११०० डॉलर फिरवून झाल्यावर. वर सांगितलेली साठ-चाळिसाची सरसता दुकानदारालाहि ठाऊक असते, आणि तशी जोडी आली तर तो भावहि तसाच उतरवून ठेवतो. तेव्हां पैज लावणाऱ्याला नुसता चांगला खेळाडू ओळखून भागत नाहीं. दुकानदार कोठें चुकला आहे तें ओळखावें लागतें, आणि दुकानदाराचा तर तो दिवसभराचा धंदाच.

खेळाडूंच्या संस्थेसहि यांतला धोका दिसला नाहीं असें नाहीं. क्रिकेट किंवा फुटबॉलमध्यें अकरा जणांस फितवावें लागेल. येथें एकाच मनुष्यानें चार हातांवरून चेंडू चुकविला कीं काम झालें, आणि चुकविला कीं चुकला हें परमेश्वरच जाणे. म्हणून अमेरिकेच्या धंदेवाईक गोल्फ संस्थेनें २०१८ च्या आरंभापासून स्वतंत्र नियम केले, आणि खेळाडूंना कोणत्याहि धंदेवाईक गोल्फवर पैज लावण्यास बंदी आहे. २०२३ सालीं या संस्थेच्या दुय्यम स्पर्धांतील दोन खेळाडूंना, आपण खेळत नसलेल्या स्पर्धांवर पैजा लावल्याबद्दल, कांहीं महिने खेळावयास मनाई झाली. त्याच संस्थेनें पैजेच्या कंपन्यांशीं व्यापारी करार मात्र खुशाल केले आहेत. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालतात, हें प्रस्तुत लेखकास अद्याप उमगलेलें नाहीं.

२०१८ च्या नोव्हेंबरांत लास व्हेगास येथें वुड्स आणि मिकेल्सन यांचा ९० लक्ष डॉलरांचा जोडीचा सामना मोठ्या गाजावाजानें झाला, आणि तो २२ व्या खळीवर मिकेल्सननें जिंकला. पहिली खळी आपण ठराविक टोल्यांहून एक टोला कमी घेऊन पुरी करूं, अशी २ लक्ष डॉलरांची पैज मिकेल्सननें स्वतःवर मारली होती. ती तो हरला. जुन्या पैजेचें तें नाटकच, आणि नाटकांत कोणाचा गुडघा फुटत नाहीं.

खरी जुनी गोष्ट पुन्हां दिसली ती २०२३ च्या ऑगस्टमध्यें, शिकागोजवळ. मॅक्स होमा हा नामांकित खेळाडू सतराव्या खळीपाशीं पांच फुटांवरून चेंडू मारण्याच्या तयारींत होता. काठी मागें गेली तोंच गर्दींतून एक मनुष्य मोठ्यानें ओरडला. होमानें पुढें सांगितलें कीं, हा चेंडू जातो कीं चुकतो यावर त्या मनुष्याची मित्राशीं पैज लागली होती. रक्कम तीन डॉलर. मसलबरोच्या गर्दीनें चेंडूला लाथा मारल्या त्यामागें निदान दोनशें पौंड तरी होते.

होमाचा चेंडू खळीच्या बरोबर मधोमध पडला. मग तो आणि त्याच्या काठ्या वाहणारा सोबती असे दोघेहि त्या मनुष्याकडे वळले, आणि चांगल्या मोठ्या आवाजांत त्याला चार शब्द सुनावते झाले.